जुनी जपानी भांडी गोळा करायचीत? आधी पालथी घालून बघा

माझं पहिलं फसणं आधीच सांगून टाकतो, तुमचे पैसे वाचतील. सात-आठ वर्षांपूर्वी चोर्ला घाटातनं गोव्याला गेलतो, तिथं एका जुन्या वस्तूंच्या दुकानात वर चॉकलेटी आणि खाली पांढरट अशी एक बरणी दिसली, दुकानदार म्हणाला ओल्ड जपानी, फोक आर्ट, आणि मी नुकताच मोबाईलवर जपानी मातीकामाचे व्हिडिओ बघून पेटलेलो, दिले १८०० रुपये आणि मांडीवर धरून घरी आणली. नेमकी त्या दिवशी शहापुरातनं आत्ती आलती. तिनं झाकण काढलं, नाक आत घातलं आणि म्हणाली, "अरे ह्यात कैरीचं लोणचं होतं की रे." आपली नेहमीची लोणच्याची बरणी! तसल्या तीन आमच्याच माळ्यावर पडलेल्या होत्या.

मी बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीत आहे, क्वालिटीला. दिवसभर कास्टिंग उलटसुलट करून क्रॅक, पिनहोल, ब्लोहोल शोधायचे हेच काम, आणि तोच माणूस दुकानात गेल्यावर बरणी पालथी घालून बघायला विसरतो म्हणजे कमाल आहे. त्या दिवसापासनं एकच नियम केला, वस्तू कुणाची, किती जुनी, दुकानदार काय सांगतोय हे सगळं नंतर, आधी ती पालथी घालायची.

आता ह्या जपानी फोक आर्टला मिंगेई म्हणतात, ते म्हणजे काय ते सांगतो, कारण ते कळलं नाही तर तुम्ही भलतंच गोळा करत बसाल. 'मिन' म्हणजे लोक, 'गेई' म्हणजे कला. यानागी सोएत्सु नावाचा एक विचारवंत होता, त्यानं आणि हामादा शोजी, कावाई कांजिरो ह्या दोन कुंभारांनी मिळून १९२५ साली हा शब्द तयार केला. म्हणणं साधं होतं, की नाव नसलेल्या कारागिरांनी रोजच्या वापरासाठी ढिगानं केलेली स्वस्त भांडी, तेलाची बुधली, लोणच्याचा रांजण, चहाची किटली, ह्यांच्यात जे सौंदर्य आहे ते दरबारी नक्षीकामात नाही. १९३६ मध्ये टोकियोत कोमाबा भागात त्यांनी ह्या भांड्यांचं म्युझियम काढलं, ते अजून चालू आहे. गंमत म्हणजे बिननावाच्या भांड्यांचं कौतुक करता करता हामादा स्वतः इतका मोठा झाला, की १९५५ मध्ये सरकारनं त्याला 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणून जाहीर केलं आणि त्याचं एक साधं ताट घ्यायचं म्हटलं तरी आपल्यासारख्याला कर्ज काढावं लागंल.

आणि हे आपल्यापासनं फार लांबचं आहे असंही नाही. दिल्ली ब्लू पॉटरीवाले सरदार गुरचरण सिंग १९१९ मध्ये जपानला शिकायला गेले होते आणि तिथं ह्याच यानागी-हामादा मंडळींत उठबस करून आले.

'जुनं' म्हणजे किती जुनं हा पुढचा प्रश्न. एदो काळ १८६८ पर्यंत, मग मेइजी १९१२ पर्यंत, तैशो १९२६ पर्यंत आणि शोवा १९८९ पर्यंत. विकणारा प्रत्येक जण एदो म्हणतोय, पण आपल्या हाताला येणारा माल बहुतेक शोवाचा असतोय, त्यातही युद्धानंतरचा, १९५० ते ७० च्या दशकांतला, कारण त्या वेळी जपानी शहरांत ह्या भांड्यांची लाटच आलती आणि भट्ट्यांनी भरपूर माल काढला. ह्यात कमीपणा वाटून घेऊ नका. पन्नास वर्षं कुणीतरी चहा पिऊन गुळगुळीत केलेला कप हातात आला तर अजून काय पाहिजे.

सुरुवात कुठल्या गावापासनं करायची? माझं मत विचाराल तर माशिको आणि ओन्ता. माशिको टोकियोच्या उत्तरेला तोचिगी प्रांतात, १८५३ च्या सुमारास तिथं भट्टी लागली आणि टोकियोच्या स्वयंपाकघरांना रांजण, खल, किटल्या पुरवणारं गाव झालं. माती जाडसर, लोखंडाची, त्यामुळं भांडी जड आणि गुबगुबीत. मिनागावा मासू असं नाव लिहिलेलं दिसंल, ती तिथली बाई किटल्यांवर डोंगर-पाण्याचं चित्र काढायची, दिवसाला शेकड्यानं, तसली किटली मिळाली तर सोडू नका. हामादा १९२४ मध्ये इंग्लंडहून परत आल्यावर ह्याच गावात राहिला. माशिकोची ओळख म्हणजे 'काकी' नावाचं गंजासारखं तांबूस ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, तिथल्याच एका दगडाची पूड करून केलेलं, आणि 'नुका' म्हणजे भाताच्या तुसाच्या राखेचं दुधाळ पांढरं ग्लेझ. खानापूरकडच्या माणसाला तूस काय असतं ते सांगायला नको, आपण ते जाळून टाकतो, त्यांनी त्याचा रंग केला.

ओन्ता क्यूशू बेटावर, ओइता प्रांतात डोंगरात आहे. १७०५ पासनं तीच मोजकी कुंभार घराणी, दहाच्या आत-बाहेर घरं, बापाकडनं मुलाकडं काम जातंय. माती कुटायला ओढ्याच्या पाण्यावर चालणारी लाकडी उखळं, एका टोकाला पाणी भरलं की वर उठतंय आणि सांडलं की दाणकन खाली. १९५४ मध्ये बर्नार्ड लीच हा इंग्रज कुंभार तिथं जाऊन राहून काम करून आला. ओन्ताच्या ताटावर गोल फिरत गेलेल्या बारीक बारीक टिचक्या दिसतात, त्याला 'तोबिकान्ना' म्हणतात. गडद मातीवर पांढऱ्या मातीचा पातळ थर देतात, ते थोडं वाळलं की चाक फिरवत त्यावर लवचिक पत्र्याची पट्टी धरतात, जुन्या घड्याळाची स्प्रिंगसुद्धा चालते, ती थरथरत उड्या मारते आणि प्रत्येक उडीला एक टिचकी उमटते. आमच्याकडं लेथवर टूल असं थरथरलं की त्याला चॅटर म्हणतात आणि जॉब सरळ रिजेक्शनला जातोय! हे लोक तेच मुद्दाम करतात आणि काय सुंदर करतात. ओन्ताच्या भांड्यावर कुंभाराचं स्वतःचं नाव नसतंय, असला तर गावाचा शिक्का. शेजारी फुकुओका प्रांतात कोइशिवारा आहे, तिथंही हीच टिचकी, आणि तिथला माल जास्त निघतो म्हणून जरा स्वस्त पडतोय.

बाकीची नावं पटकन सांगतो. सेतो, नागोयाजवळ, ह्या गावावरनं जपानीत चिनी मातीच्या भांड्याला सरसकट 'सेतोमोनो' म्हणतात. तिथली घोड्याच्या डोळ्यासारखी भोवरे काढलेली ताटं आणि दिव्याखाली ठेवायच्या तेलाच्या बशा बघण्यासारख्या. बिझेनला ग्लेझच नसतंय, भाताचं पिंजर गुंडाळून भाजल्यामुळं लाल पट्टे उठतात. तांबा नावाच्या भागातल्या दारूच्या सुरया छान असतात. ओकिनावाच्या त्सुबोयाचा मासे काढलेला माल गाजलेला, किंजो जिरो हे तिथलं मोठं नाव. शिगाराकीचे जुने रांजण मात्र नवशिक्यानं लांबनंच बघावेत, तिथं नकली माल फार आणि किमती अंगावर येणाऱ्या.

आता मुख्य काम. वस्तू हातात आली की पालथी घाला आणि बुडाच्या कडीकडं बघा, जपानीत तिला 'कोदाई' म्हणतात. तिथं ग्लेझ नसतंय, उघडी माती दिसते, आणि माती खोटं बोलत नाही. माशिकोची रवाळ आणि मळकट, बिझेनची तांबडी-चॉकलेटी, चार भांडी बघितली की डोळा बसतोय. कडीवर घासल्याची झीज बघा. खरी झीज कमीजास्त असते, एका बाजूला जास्त गुळगुळीत, कारण माणूस भांडं ओढतो ते एकाच बाजूनं. सगळीकडं सारखी घासलेली कड म्हणजे कुणीतरी पॉलिश पेपर मारलाय. बारीक भेगांच्या जाळीत, ग्लेझला पडते ती, 'कान्न्यू' म्हणतात तिला, त्यात मळ बसलेला असला तर तो कुठं गडद कुठं फिका असतो, सगळीकडं एकसारखा चहाच्या रंगाचा दिसला की समजायचं चहातच बुडवून काढलंय.

मग वाजवून बघा. बाजारात माठ घेताना बायका बोटाच्या पेरानं वाजवतात, अगदी तसं. भांडं तळहातावर मोकळं धरायचं, मुठीत आवळायचं नाही आणि अंगठी घातलेल्या बोटानं वाजवायचं नाही. चांगलं भाजलेलं भांडं खणकन वाजतंय. भद्द आवाज आला तर कुठंतरी भेग आहे किंवा आतनं डागडुजी झालीय, पण कमी आचेवर भाजलेली मऊ भांडी मुळातच भद्द वाजतात, तेवढं डोक्यात ठेवा. शंका असली तर पाणी भरून वर्तमानपत्रावर तासभर ठेवा. फाउंड्रीत भेग शोधायला आम्ही लाल डाय लावतो, इथं पाणी तेच काम करतंय, एका रेषेतच ओल दिसली तर ती भेग. सगळ्या अंगाला हलका घाम आला तर घाबरू नका, कान्न्यूवाली भांडी सुरुवातीला तेवढी पाझरतात.

आणि एक यूव्ही टॉर्च घ्या, नोटा तपासायला दुकानदार वापरतात तसली, शेदोनशेत मिळते. अंधारात भांड्यावर मारली की नव्या गोंदानं जोडलेली जागा निळसर-पांढरी चमकते. मी एकदा अख्खी कड जोडलेली सुरई पकडलीय ह्या टॉर्चनं, उजेडात काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

पण प्रत्येक डाग म्हणजे दोष नाही, आणि इथंच माझ्यासारख्या क्वालिटीवाल्याची फार पंचाईत होते. ताटाच्या मध्यभागी ग्लेझ नसलेलं गोल कडं असतंय, कारण भट्टीत एकावर एक ताटं रचायची तर चिकटू नयेत म्हणून तेवढं ग्लेझ खरवडून काढायचे. कधी चार-पाच ठिपके असतात, तेही रचताना मध्ये ठेवलेल्या मातीच्या गोळ्यांचे. बुडाजवळ तीन-चार बोटांचे ठसे असले तर ग्लेझमध्ये बुडवताना कुंभारानं तिथं धरलं होतं. भट्टीत पडलेली भेग, वाकडेपणा, ह्याला 'कामाकिझु' म्हणजे भट्टीची जखम म्हणतात आणि ती मोडतोड म्हणून मोजत नाहीत. माझा नियम असा, भट्टीच्या आत झालेलं सगळं चालतंय, भट्टीच्या बाहेर झालेल्याचे पैसे कमी करून घ्यायचे.

नाव आणि पेटी ह्या भानगडीत मात्र जपून. जपानी भांडं बऱ्याचदा हलक्या किरी लाकडाच्या पेटीत येतंय आणि झाकणावर शाईनं लिहिलेलं असतंय. पेटीवर कुंभारानं स्वतः लिहिलं असलं तर ती 'तोमोबाको'. त्याच्या पश्चात मुलानं किंवा नातवानं बघून खरं म्हणून लिहिलं तर 'शिकिबाको'. आणि पेटी एकाची, भांडं दुसऱ्याचं, अशी जुळवाजुळव असली तर 'आवासेबाको'. हामादा आणि कावाई दोघांनीही पुढं भांड्यावर सही करणं सोडून दिलं, पेटीवरच करायचे, त्यामुळं खऱ्या पेटीत खोटं भांडं घालणाऱ्यांचं चांगलंच फावतंय. मी स्वतः ऑनलाइन एका विक्रेत्याकडनं असला पेटीवाला कप घेऊन हात पोळून घेतलाय, पेटी कपापेक्षा अर्धा इंच मोठी होती आणि कप आत खुळखुळत होता, तेव्हाच कळायला पाहिजे होतं की! वर्णनात 'देन' असा शब्द आला तर अर्थ 'अमक्याचं आहे असं म्हणतात' एवढाच. 'उत्सुशी' म्हणजे जुन्या धर्तीवर केलेली नक्कल, त्यात फसवणूक नाही पण किंमत त्या हिशोबानंच द्यायची. माझं ऐकाल तर पहिली दोन वर्षं नावाच्या मागं लागूच नका, बिननावाचं चांगलं भांडं घ्या, तसंही यानागीला तेच पाहिजे होतं.

आता बेळगावात बसून हे मिळवायचं कसं. खरं सांगतो, इथं मिंगेई जवळजवळ मिळत नाही. कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांतनं, गोव्याच्या दुकानांतनं जे 'जपानी' म्हणून निघतंय ते बहुतेक परदेशी पाठवायला केलेले पातळ पांढरे टी-सेट असतात. बुडाला इंग्रजीत 'मेड इन जपान' दिसलं की समजा हा निर्यातीचा माल. १८९० च्या अमेरिकन कायद्यामुळं मालावर देशाचं नाव घालायला लागायचं, आधी 'निप्पॉन' लिहायचे आणि १९२१ पासनं 'जपान'. 'ऑक्युपाइड जपान' असलं तर १९४७ ते ५२ मधला. हे सेट वाईट नाहीत, आवडला तर जरूर घ्या, फक्त लोककलेच्या भावानं घेऊ नका. आणि भाव करताना "एष्ट्री?" म्हणजे केवढ्याला, ह्यानं सुरू करा, "स्वल्प कम्मी माड्री" म्हणजे जरा कमी करा, असं म्हणा, कन्नडमध्ये विचारलं की पहिला आकडाच खाली येतोय, अनुभवाचं सांगतो.

खरा रस्ता दोनच. एक म्हणजे जपानच्या लिलावाच्या साइट, त्या थेट भारतात पाठवत नाहीत म्हणून मध्ये एक एजंट साइट लागते, बायी किंवा झेनमार्केट असल्या. ती तुमच्या वतीनं बोली लावते, माल तिच्या गोदामात घेते आणि मग इकडं धाडते. शोधताना शब्द जपानी लिपीत टाकायला लागतात, भाषांतराचं अ‍ॅप वापरा. वर्णनात 'न्यू' म्हणजे केसासारखी भेग, 'होत्सु' म्हणजे बारीक टवका, 'काके' म्हणजे मोठा टवका आणि 'नाओशी' म्हणजे दुरुस्ती. अ‍ॅप ह्या शब्दांचं हमखास वाट्टेल ते भाषांतर करतंय, 'न्यू' ला नवीन म्हणतंय, भेग पडलेला कप नवा म्हणून घ्याल! बुडाचा फोटो दिला नसला तर बोली लावू नका, विषय संपला.

हिशोब नीट करा. कप हजार येनचा, म्हणजे साधारण ५०-६० पैसे येन धरला तर पाच-सहाशे रुपये, ऐकायला छान वाटतंय, पण त्यावर एजंटचे पैसे, जपानातल्या जपानात पाठवायचा खर्च, विमानाचा खर्च, मग कस्टम ड्युटी, सगळं धरून कप तिप्पट-चौपटीला पडतोय. म्हणून एक एक मागवू नका. गोदामात पाच-सहा वस्तू साठू द्या आणि एकत्र मागवा, पॅकिंगला जास्तीचे पैसे लागले तर द्या. माझं ओन्ताचं एक ताट तीन तुकड्यांत आलं, दोनशे रुपये वाचवायला गेलतो.

दुसरा रस्ता म्हणजे नातेवाईक. आता घरटी एक पोरगा पुण्याला नाहीतर बेंगळुरूला कंपनीत आहे आणि त्यातला कोण ना कोण जपानला जातोच. त्याला सांगा, क्योतोत असशील तर २१ तारखेला तोजी देवळाचा बाजार आणि २५ तारखेला कितानो तेनमांगूचा, पहाटे जा. माशिकोला वर्षातनं दोनदा भांड्यांची जत्रा भरते, एप्रिल अखेर-मेच्या सुरुवातीला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला. भाच्याला मी एवढंच सांगून ठेवलंय, केबिन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून, आणि घरात कुणाला किंमत सांगायची नाही.

आल्यावर काय करायचं? वापरायचं. पण आपला स्वयंपाक जपानी नाही हे लक्षात ठेवा. कान्न्यूवाल्या पांढऱ्या वाडग्यात आमटी वाढली की हळद त्या जाळीत शिरते आणि जन्मात निघत नाही, मी घालवलाय एक. जपानी लोक भांडं वापरायला काढायच्या आधी तांदळाच्या धुवणात उकळतात, 'मेदोमे' म्हणतात त्याला. भांडं गार धुवणात ठेवायचं, मंद आचेवर उकळी आणायची, पंधरा-वीस मिनिटं ठेवून त्यातच गार होऊ द्यायचं, म्हणजे पिठानं बारीक भोकं बुजतात. जोडलेल्या, सोनेरी काम केलेल्या किंवा भेग पडलेल्या भांड्याला हे करू नका. रोज वापरायच्या आधी साध्या पाण्यात भिजवून घेतलं तरी डाग कमी पडतात. आणि जे भांडं वरनं लाल-हिरव्या रंगांनी रंगवलेलं आहे, किंवा मऊ आणि कमी आचेचं वाटतंय, त्यात सोलकढी, चिंचेचं सार, लिंबू, लोणचं घालू नका, जुन्या रंगांत शिसं असू शकतंय आणि आंबटानं ते उतरतंय. असली भांडी शोकेसला ठेवा.

पावसाळा हा आपला मोठा शत्रू. जून ते सप्टेंबर कपाटात कपडे कुबट होतात तिथं बिनग्लेझचं भांडं ओलं ठेवलं तर काय होईल. धुतल्यावर पालथं घालून दोन-तीन दिवस हवेला ठेवा, मगच आत. पेटी भिंतीला टेकवू नका, वर्तमानपत्रात गुंडाळू नका, ते ओल धरतंय. जपानात पेटीतलं भांडं पिवळ्या कापडात गुंडाळतात, ते कापड हळदीत रंगवलेलं असतंय, कीड लागू नये म्हणून! बायको हसली, म्हणाली वाडग्याला हळद नको आणि फडक्याला पाहिजे.

फुटलेलं सोन्यानं सांधतात ते किंत्सुगी सगळ्यांना घरी करून बघायचं असतं. खऱ्या किंत्सुगीत उरुशी नावाच्या झाडाचा चीक वापरतात आणि ते झाड काजू-बिब्ब्याच्या कुळातलं आहे. बिब्बा उतलेला कुणी बघितला असेल तर जास्त सांगायला नको, अंगावर तसेच फोड येतात. ऑनलाइन मिळणाऱ्या किटमध्ये बहुतेक साधा इपॉक्सी आणि सोनेरी पावडर असते, दिसायला ठीक, पण त्या भांड्यात गरम खाऊ-पिऊ नका.

हात बसवायचा असला तर खानापूरला जाऊन या. तिथं ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्था आहे, गावात जुने कुंभार आहेत, चाकावर माती कशी वर येते आणि बूड दोऱ्यानं कसं कापतात ते एकदा डोळ्यानं बघितलं की जपानी भांड्याच्या बुडावरचे भोवरे आपोआप वाचता येतात. मला व्हिडिओंतनं जे वर्षभर कळलं नाही ते तिथं एका दुपारी कळलं.

आणि एक वही करा. तारीख, गाव, येन किती, पाठवणावळ किती, कुठं टवका, कुठं भेग, आणि बुडाचा फोटो चिकटवून ठेवा. तुमच्या माघारी पोरांना ओन्ता काय आणि लोणच्याची बरणी काय, सगळं सारखंच, भंगारवाल्याला बोलावतील. आणि चिनी माती तर तो किलोनंही घेत नाही.